चालतोय तो हिरवा

५ फेब्रुवारी, गुरुवार

पंधरा वर्षं ॲम्ब्युलन्सवर काढल्यावर साहेबांना साक्षात्कार झाला की मला शिकवता येतं. आता आठवड्यातून एकदा नव्या भरतीला जखमींची वर्गवारी शिकवायची. ड्युटी आहे ती आहेच. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. काय शिकवलं, कुठे फसलं ते लिहून ठेवावं म्हणून फ्रिजवर पडलेली ही डायरी उघडली.

काल रंगीत तालीम झाली, खरोखरच रंगीत. अपघात मोठा, जखमी पुष्कळ आणि आपण दोघं-तिघं, अशा वेळी कुणाला आधी न्यायचं ते चार पट्ट्यांवर ठरतं. लाल म्हणजे आत्ता नेला नाही तर गेला. पिवळी म्हणजे गंभीर, पण थोडा थांबेल. हिरवी म्हणजे स्वतःच्या पायांनी चालतोय, बस बाजूला. काळी म्हणजे काळी. पहिल्या गाडीतून जो उतरतो त्यानं उपचार करत बसायचं नाही, पट्ट्या लावत पुढे जायचं. हे नव्या पोरांच्या गळी उतरत नाही. एक मुलगी खोट्या रक्ताची खोटी जखम दाबून धरून बसली ती उठेचना.

जखमी म्हणून आमचीच माणसं घेतली होती. आमच्या गाडीचे ड्रायव्हर, ज्यांना सगळा विभाग मामा म्हणतो, त्यांना मी खास काम दिलं होतं. चालत यायचं, हसायचं-बोलायचं, हिरवी पट्टी घेऊन खुर्चीत बसायचं आणि हळूहळू मान टाकायची. पोरांनी हिरव्यांकडे परत फेरी मारली तरच ते सापडणार. एकानंही मारली नाही. शेवटी मामाच ओरडले, "अरे, मी कधीचा मरून पडलोय! कुणी रडायला तरी या!"

सगळे हसले. मग मी भाषण ठोकलं. पट्टी म्हणजे निकाल नव्हे, माणूस बदलतो तशी पट्टी बदलते, चालणाऱ्याला परत परत बघा. परत येताना मामा म्हणाले, "सरकार, झकास बोललीस. पण खुर्ची फार टोचत होती." मला ते सरकार म्हणतात, कारण मी गाडीत पाय ठेवल्यापासून हुकूम सोडते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मामा आज हनुवटीला हा एवढा कापूस चिकटवून आले. दाढी करताना जरासं कापलं तर म्हणे रक्त थांबेना. गेल्या वर्षी हृदयात स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ राहायची गोळी चालू आहे, ती मामी रोज समोर उभं राहून गिळायला लावतात. मी म्हटलं, "मामा, तुमच्या रक्ताला काही धरबंध नाही."

"या वयात कशालाच नसतो, सरकार."

बाकी दिवस नेहमीचा. जिन्यावरून पडलेली बाई, दम्याचा एक, आणि एकाला गॅसचा त्रास होता तो हार्ट अटॅक समजून मृत्युपत्राचं बोलत होता.

१६ फेब्रुवारी, सोमवार

लिहू की नको करत बसले होते. लिहिते.

काल रविवार. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये स्पर्धा होती, प्रेक्षकांची वरची गॅलरी माणसांसकट खाली आली. आम्ही जवळच होतो म्हणून पहिली गाडी आमची. आत गेले तर धुळीनं समोरचं दिसेना. जमिनीवर सगळीकडे बॅडमिंटनची फुलं आणि रॅकेटी, आणि त्यात माणसं. मोठा आवाज काढला, "ज्यांना चालता येतंय त्यांनी माझ्या आवाजाकडे या!" पुष्कळ आले. एक आई मुलीला कडेवर घेऊन आली. आई चालतेय, मुलगी नाही. आईला हिरवी लावली, मुलीला लाल. एवढं मात्र डोकं ताळ्यावर होतं.

मग एकेक. श्वास आहे का. किती जोरात आहे. नख दाबून सोडलं की रंग परत येतो का. माझा हात दाबा म्हटलं तर दाबतो का. पुढे. पुढे. पायाशी कुणीतरी साडी धरली, ती सोडवून पुढे. मी साडी नेसत नाही, युनिफॉर्म असतो, पण हाताला पदर सोडवल्यासारखंच वाटत राहिलं. काय लिहितेय मी.

बाकाखाली खेळाडूंचे कोच होते. श्वास नव्हता. मान सरळ केली, वाट मोकळी केली, बघितलं. नाही. परत एकदा बघितलं. नाही. काळी लावली आणि उठले. त्यांचं अंग गरम होतं. शेजारी एक मुलगा घुरघुरत होता, त्याला लाल लावली. तो जगला, आज कळलं. कोच गेले. नंतर डॉक्टरांनी फेरी मारली तेव्हाही ते गेलेलेच होते. सगळं नियमानं झालं.

मधेच छताचा एक पाइप निसटला तो मामांच्या डोक्यात बसला. कानामागून रक्ताचा ओघळ. मी विचारलं तर म्हणाले, "चालतोय ना मी? मग झालं तर." मी खिशातली हिरवी पट्टी त्यांच्या बटणात अडकवली. "हिरवे तर हिरवे, ते स्ट्रेचर उचला." त्यांनी उचललं. शेवटपर्यंत उचलत होते, पाणी वाटत होते, त्या आईला धीर देत होते. ते नसते तर मी काय केलं असतं देव जाणे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

झोप नाही. नवऱ्यानं विचारलं, "तू बरी आहेस ना?"

म्हटलं, "चालतेय ना?"

२० फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. चौकशीही बसली आहे, ती बसतेच, काळजी करू नका म्हणाले. काळी पट्टी कुणी लावली, केव्हा, काय बघून, सगळं सांगितलं. 

मामांनी ती हिरवी पट्टी गाडीच्या आरशाला टांगली आहे. म्हणे, पदक आहे. डोकं जड वाटतंय म्हणत होते, चहा घेतला की उतरतं. कुणाचं जड नाही? मी तीन दिवस जेवणावर नुसती बसून उठतेय.

सारखं मनात येतं, आणखी थोडं थांबले असते तर. आणि मग वाटतं, थांबले असते तर तो मुलगा गेला असता. दोन्हींतून सुटका नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कोचच्या बहिणीला मला भेटायचं आहे. साहेब म्हणाले, तुमची इच्छा असेल तरच. मी म्हटलं विचार करून सांगते. काय विचार करणार, कपाळ.

आज मामा वळण चुकले. रोजचा रस्ता, डोळे मिटून जातील असा, आणि सरळ पुढे गेले. मी ओरडले तेव्हा म्हणाले, "बोलण्यात लक्ष होतं." बोलत कोण होतं? गाडीत शुकशुकाट होता. मग गॅसवाल्या मृत्युपत्राचा किस्सा सांगितला. सकाळीही सांगितला होता. मी दोन्ही वेळा हसले, दुसऱ्यांदा कंटाळून.

त्यांनाही लागलंय मनाला. बोलत नाहीत एवढंच.

२८ फेब्रुवारी, शनिवार

वर्ग घेतला. पोरं आता मला घाबरून असतात, हॉलमधलं ऐकलंय त्यांनी. मी तेच सांगितलं, हिरव्यांकडे पाठ फिरवू नका, आता हसतो तो थोड्या वेळानं पडतो. जुनं वाक्य, पण तोंडात आता चव नाही. त्या खोट्या जखमेवाल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, पट्ट्या लावणाऱ्यांना कोण लावतं पट्टी?"

मी म्हटलं, "आपल्याला पट्टी नसते." सगळे हसले, छान वाक्य वाटलं त्यांना.

मामांनी कप पाडला. हातातून सुटला आणि ते बघतच राहिले, कुणा दुसऱ्याचा कप पडल्यासारखे. मी वाकून तुकडे गोळा केले तर खेकसले, "राहू दे! मला काय हात नाहीत?" पंधरा वर्षांत या माणसानं माझ्यावर आवाज चढवला नव्हता.

२ मार्च, सोमवार

आता कळलं काय ते. मामांना वाटतंय मी त्या कोचना सोडून दिलं. तोंडानं म्हणत नाहीत, पण धुसफुस चालू आहे. आज गाडीत मी म्हटलं, "त्या बहिणीला भेटू का हो?" उत्तर नाही. परत विचारलं. म्हणाले, "कोणाच्या?" कोणाच्या! रोज माझा जीव ज्यानं टांगणीला लागलाय ते यांना आठवतही नाही, किंवा आठवायचं नाही. मी खिडकीबाहेर बघत बसले. डोळे भरून आले आणि त्यांना दिसू नयेत म्हणून खोकल्याचं सोंग केलं.

आवारात शिरताना डावीकडचा आरसा खांबाला घासला. तिसऱ्यांदा. "खांब सरकलाय," म्हणाले. एरवी हसले असते मी. आज म्हटलं, "मामा, गाडी नीट चालवायची नसेल तर सांगा." वाईट बोलले. पण त्यांनीही मान वळवली नाही.

४ मार्च, बुधवार

साहेबांना सांगून आले, मला दुसरा ड्रायव्हर द्या. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुमचं आणि मामांचं? नवरा-बायकोसारखं भांडता तुम्ही, त्यात काय नवीन?" मी म्हटलं, आता भांडणही होत नाही, ते बोलतच नाहीत. सोमवारपासून बदल होईल.

मामांना मी स्वतः सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. अंगात त्राणच नाही कुणाला काही समजवायचं. संध्याकाळी ते गाडी लावून निघाले तेव्हा डावी चप्पल फरफटत होती. मनात आलं, माणूस किती म्हातारा झाला बघता बघता. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही.

शनिवारी त्या बहिणीला भेटते म्हणून कळवलं. एकदाचं होऊन जाऊ दे.

८ मार्च, रविवार

आजच लिहिलं पाहिजे.

काल दुपारी ऑफिसात ती आली. माझ्याच वयाची, शाळेत शिकवते. भावाचा बॅडमिंटनचा बूट तिच्या पिशवीत होता, एकच, दुसरा सापडला नाही म्हणे. मी उत्तरं पाठ करून गेले होते. तिनं विचारलं, "तुम्ही त्याच्यापाशी किती थांबलात?"

पाठ केलेलं सगळं पळालं. म्हटलं, "फार नाही. मान सरळ केली, दोनदा बघितलं. श्वास नव्हता. मग शेजारच्याकडे गेले."

"शेजारचा जगला?"

"हो."

तिनं पिशवीतला बूट चाचपला. मग म्हणाली, "तो त्याचाच विद्यार्थी. भेटून आले मी." मी रडले. ती नाही रडली. तिनं माझ्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला, जसं काही मीच तिच्या घरी दुःखाला आले होते.

"परत कुणी बघितलं का त्याला? नंतर?"

"बघितलं. डॉक्टरांनी फेरी मारली. परत बघायचंच असतं, एकदा बघून सोडायचं नसतं कुणालाच." हे माझं वर्गातलं वाक्य. आपोआप आलं.

तिनं मान डोलावली. पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि वळली. "आणि ते तुमचे ड्रायव्हर कसे आहेत? त्या दिवशी मी हॉलवर धावत आले तेव्हा त्यांनीच मला धरून बाहेर बसवलं. डोक्यातून एवढं रक्त येत होतं, शर्टाची कॉलर भिजली होती. मी म्हटलं आधी तुम्ही दाखवून घ्या, तर म्हणाले सरकारनं बघितलंय. त्यांचं डोकं तपासलं ना नीट?"

मी म्हटलं, "हो, ते ठीक आहेत."

आणि म्हणता म्हणताच थांबले. कुणी तपासलं? मी? मी बटणात पट्टी अडकवली आणि स्ट्रेचर उचलायला लावलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या खाणारा माणूस, डोक्यावर पाइप. जड डोकं. तोच किस्सा दोनदा. कप. चप्पल. आरसा, प्रत्येक वेळी डावीकडचाच. नव्या पोरानं असा पेशंट माझ्यासमोर आणला असता तर मी अर्ध्या वाक्यात ओळखलं असतं. माझ्या शेजारी बसून तो रोज माझी गाडी चालवत होता आणि मी रुसून बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मामींना फोन लावला. म्हणाल्या, "झोपलेत गं. आज सकाळपासून झोपूनच आहेत. तुझ्याशी काही झालंय का त्यांचं? विचारलं तर धड बोलत नाहीत. शर्ट घातला तो एकच बाही घालून फिरत होते."

"मामी, त्यांना हलवून उठवा. मी येतेय. गोळी देऊ नका."

दुसऱ्या गाडीला त्यांच्या घरी पाठवलं आणि स्वतः रिक्षानं गेले. मामा पलंगावर बसवलेले होते, एका अंगाला कललेले. मला बघून हसले, अर्ध्याच तोंडानं. समोर बसून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "मामा, माझे हात दाबा."

उजव्या हातानं असा दाबला की बांगडी रुतली. डावा हात माझ्या हातात नुसता पडून होता.

"दाबतोय की," ते म्हणाले.

"दोन्ही दाबा, मामा."

"दोन्हीच दाबतोय, सरकार."

मामी दारात उभ्या होत्या. त्यांना काही कळलं नव्हतं आणि सगळं कळलं होतं. मी खिशात हात घातला. लाल पट्टी नव्हती, असणार कुठून, मी साध्या कपड्यांत होते. स्ट्रेचरवाल्या पोरांना मीच ओरडून सांगितलं, "लाल आहेत हे, लाल!" त्यातली एक माझ्याच वर्गातली, जखम धरून बसणारी. ती मामांचा डावा हात उचलून त्यांच्या पोटावर नीट ठेवत होती.

रात्री ऑपरेशन झालं. कवटीला भोकं पाडून साचलेलं रक्त काढलं. डॉक्टर म्हणाले, रोज थेंबथेंब साठत होतं, आणखी एक दिवस गेला असता तर आणायची गरजच पडली नसती. मी मान हलवली. मामींना हे मी सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं, पट्टीचंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तोच हात मला सोसवेना.

११ मार्च, बुधवार

शुद्धीवर आहेत. नर्स दर थोड्या वेळानं हात दाबायला लावते म्हणून वैतागलेत. आज तिला म्हणाले, "लग्न ठरवतेस काय?" आधीचे मामा थोडे परत आले.

डावी बोटं हलतात. पकड येईल म्हणे, पण पूर्वीसारखी नाही. गाडीचं संपलं. डॉक्टरांनी हे मामींना सांगितलं आणि मामींनी मला, मामांना सांगायचं कुणी ते अजून ठरलेलं नाही.

साहेबांकडे गेले. ड्रायव्हर बदलून मागितला होता ते मागे घेण्यात अर्थ नव्हता, तरी घेतलं.

१४ मार्च, शनिवार

सकाळचा वर्ग घेतला. पोरांना म्हटलं, आज माझी चूक शिकवते. मामांची गोष्ट सांगितली, नाव-गाव लपवलं नाही, रुसून बसले होते तेही सांगितलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे फळ्यावर लिहायचं तेवढं ठेवलं. म्हटलं, मागे मी सांगितलं होतं ना, आपल्याला पट्टी नसते? ते खोडा. काम संपलं की आधी एकमेकांची डोकी बघा.

तिथून गाडीत गेले, आरशाची हिरवी पट्टी सोडवली आणि पर्समध्ये टाकून मामांकडे. मामी डबा धुवायला गेल्या होत्या. मामा उशीला टेकून बसले होते, भादरलेल्या डोक्यावर पांढरी टोपीसारखी पट्टी.

"गाडी कोण चालवतंय?" त्यांनी विचारलं.

"नवीन आहे एक. खांब जागच्या जागी आहे म्हणतो."

हसले. मग म्हणाले, "मला नाही देणार आता ती. कळलंय मला. बायको सांगायचं टाळतेय, तूही टाळतेयस." मी मान खाली घातली. "मामा, माझं चुकलं. मी तुम्हाला बघितलंच नाही. उलट तुमच्यावर..."

"झालं ते. मीच म्हटलं होतं ना, चालतोय म्हणून?"

"तुम्ही म्हणालात म्हणून काय झालं? म्हणणाऱ्याचं ऐकायचं नसतं, बघायचं असतं."

"मग ये इकडे," ते म्हणाले. "जवळ ये. हात दे."

मला वाटलं, पकड दाखवायची आहे. मी हात पुढे केला. त्यांनी डाव्या हातात घेतला, सुजलेल्या, सुईच्या खुणांच्या, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कुणीच बघितलं नव्हतं इतक्या सावकाश. गालफडं, डोळ्यांखालचं काळं, बारीक झालेलं मनगट.

"दाब बघू," ते म्हणाले.

मी दाबायला गेले. बोटं वळेनात. हुंदका आला तो आवरेचना, वॉर्डमधले सगळे वळून बघायला लागले.

"कधीपासून झोपली नाहीस, सरकार?"

"चाल... चालतेय ना मी," म्हटलं.

"ते दिसतंय," मामा म्हणाले, आणि बेल दाबून नर्सला सांगितलं, इथे आणखी एक खुर्ची आणा, आणि हिच्या नवऱ्याला फोन लावा.